झोपवायला रत्नागिरीला

आमच्या दापोलीकडचा माणूस रत्नागिरीला जातो तो कोर्टाच्या तारखेला, नाहीतर कलेक्टर कचेरीत काही अडलं म्हणून. आम्ही गेलो ते एका साडेतीन वर्षांच्या पोरीला झोपवायला. हसू नका, खरंच झोपवायला गेलो होतो. पोर घरी झोपत नाही का, त्यासाठी एवढी एसटी कशाला, असं वाडीतल्या बायकांनीही विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

एवढ्याशा पोराला विचारून थोडंच कळतं, तुला ऐकू येतं का म्हणून? त्यासाठी एक तपासणी असते आणि तिला पोर गाढ झोपलेलं लागतं. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात मऊ नळी घालतात, तिच्यातून टिकटिक आवाज सोडतात आणि त्याला डोक्यातून उत्तर येतं की नाही ते मशीन बघतं. पोर रडलं, हललं, की सगळं बिघडलं. दुखत नाही, सुई नाही. हे मी छातीठोक सांगते, कारण माझी रेखा जन्मापासून ऐकत नाही. आता ती दापोलीत शिवणाचं दुकान चालवते, गिऱ्हाइकाशी हातांनी असा भाव करते की गिऱ्हाईक दमतं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं तिला घेऊन दवाखान्यांच्या बाकड्यांवर शिकले. त्यामुळे आसपास कुणाच्या पोराच्या कानाचं काही निघालं की मला निरोप येतो. नलूकाकीला घेऊन जा, तिला ठाऊक आहे.

या वेळचा निरोप दीक्षाचा होता. बुरोंडीच्या अलीकडे आमची वाडी, तिच्या खालच्या अंगाला दीक्षाचं सासर. तिची मुलगी सानू बोलत नव्हती. दीक्षा म्हणे, ऐकतच नाही तर बोलेल कशी. सासू हौसाबाई म्हणे, सगळं ऐकतंय पोर, उखळात कांडायला लागलं की धावत येतं, माझ्या गाण्यावर झोपतं. तिचा बाप उशिरा बोलला, तसं हेही बोलेल. बाप अमोल मुंबईत गोडाऊनवर. त्यानं फोनवर निकाल दिला होता: एकदा तपासून या. ऐकू येत नाही असं निघालं तर कानाचं मशीन घेऊ. येतं असं निघालं तर घरात पुन्हा हा विषय नको, जूनमध्ये सरळ बालवाडीत घालू.

म्हणजे दीक्षाच्या हातात एकच खेप होती. म्हणून तिचा जीव असा टांगलेला.

दापोलीहून

सोबत हौसाबाई येणार हे मला स्टँडवरच कळलं. डबा, चादर, पाण्याची बाटली आणि कपाळावर आठी, असा त्यांचा सरंजाम होता. मी म्हटलं, बरं झालं आलात. त्या म्हणाल्या, "माझं पोर कुणाच्या हाती देताव ते बघाया नको?"

दुपारची वेळ मिळाली होती. दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं, मुलीला पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका, इथे आल्यावर खाऊपिऊ घालून झोपवू. सांगणाऱ्याला काय जातं? एसटीत पोराला जागं ठेवणं म्हणजे काय ते खेडच्या रस्त्याला कळतं. एक वळण या अंगाला, एक त्या अंगाला, पाळणाच तो. माझेच डोळे मिटायला लागले. आम्ही तिघी पाळी लावून सानूला जागं ठेवत होतो. दीक्षा तिला खिडकीतून चिरेखाण दाखवी, लाल दगडांच्या थप्प्या, मोहोर आलेली काजूची झाडं. मी तिच्या तळपायाला गुदगुल्या करी. हौसाबाई तिच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घालत आणि कानाशी वाकून सांगत, "नीट ऐक हां बाय तिथं. पास व्हायचं."

मी म्हटलं, हौसाबाई, ही परीक्षा नव्हे. बालवाडीच्या ताई पोराला काट्यावर उभं करतात ना, तसं हे. वजन कमी भरलं तर काटा थोडाच नापास करतो? कमी आहे हे कळलं की खाऊ घालता येतं.

त्यांनी मान हलवली, पण ती माझ्यासाठी. पोराला पुन्हा, "पास व्हायचं हां."

चिपळूणला गाडी थांबली तेव्हा वडापाव घेतला. सानूनं मिरचीला जीभ लावली आणि अशी चवताळली की मला वाटलं, चला, आता हातखंब्याच्या फाट्यापर्यंत काळजी नाही. आणि तसंच झालं. हातखंब्यापर्यंत टक्क जागी. रत्नागिरी स्टँडवर उतरलो तरी जागी. आम्ही एकमेकींकडे बघून जग जिंकल्यासारख्या हसलो, रिक्षात बसलो, आणि दवाखाना दिसायला लागतो न लागतो तो सानू आईच्या खांद्यावर गाढ. दीक्षानं गाल चोळले, मी पाणी शिंपडलं, रिक्षावाला वळून वळून बघतोय, ह्या बायका त्या पोराचा छळ का करतात म्हणून. दवाखान्याच्या दारात सानू जागी झाली ती झोप पुरी करून. ताजीतवानी. तिथल्या फरशीवर जी धावायला लागली, ती काही केल्या मांडीवर येईना. वाटेत सांभाळलं ते दारात सांडलं.

दवाखान्यात

कान तपासणाऱ्या मॅडम सोलापूरकडच्या, वयानं माझ्या रेखापेक्षा लहान. त्यांनी सानूकडे बघितलं आणि हसल्या. "हे काय आता झोपतंय होय? असू द्या की. झोपेची उद्या करू. आज जागेपणीची करून घेऊ." सोलापूरकडचं बोलणं मला आवडतं, वाक्याच्या शेवटी 'की' लावून ते माणसाला पाठीवर थोपटल्यासारखं करतात. आमचं कोकणातलं बोलणं हेल काढतं आणि मग खोचतं.

जागेपणीची तपासणी अशी. जाड दाराची खोली, आत शिरलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. पोरानं कुणाच्या तरी मांडीवर बसायचं. दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, शेजारी काळ्या काचेची पेटी. एका बाजूनं आवाज होतो. पोर त्या बाजूला वळलं की पेटीत दिवा लागून आतलं अस्वल ढोल वाजवतं. बक्षीस म्हणून. एकदोनदा अस्वल बघितलं की पोरं आवाजाची वाटच बघायला लागतात. मॅडम बाहेर, काचेतून बघत आवाज लहानमोठा करत राहतात. पोर कुठवर वळतं ते बघायचं.

मांडी कुणाची, यावरून दारातच ओढाताण. दीक्षा पुढे झाली होती, हौसाबाईंनी सानूला कडेवर घेतलंच. माझ्याकडे हाय सवय तिला, म्हणाल्या, आणि आत जाऊन बसल्या. दीक्षा आणि मी बाहेर मॅडमच्या मागे उभ्या राहिलो. काचेतून हौसाबाई छातीपर्यंत दिसत होत्या, सानूचं डोकं, दोन शेंड्या.

पहिला आवाज झाला. सानू वळली. अस्वलानं ढोल बडवला, सानू खिदळली.

दुसऱ्या बाजूनं आवाज. सानू वळली.

मॅडमनी आवाज कमी केला. वळली. अजून कमी केला. वळली. मी इतकी वर्षं हे बघतेय, मी काचेजवळ सरकले. दीक्षाकडे बघितलं तर तिनं माझं मनगट धरलेलं आणि तिला ते माहीत नाही. पोरीला ऐकू येतंय म्हटल्यावर आईनं हसावं की नाही? हिचा चेहरा उतरत चाललेला.

मॅडमनी कपाळाला बोट लावलं. म्हणाल्या, उद्या झोपेच्या आधी हे परत एकदा करू या, मला खात्री करून घ्यायची आहे. हौसाबाई बाहेर आल्या त्या मिरवणुकीतून आल्यासारख्या. व्हरांड्यातच मुंबईला फोन. सगळं ऐकतंय तुझं पोर, अस्वल वळून वळून बघत होतं, उगाच खर्चात पाडत होती तुझी बायको. दीक्षा शेजारीच उभी होती. तिनं पिशवीची चेन उघडली, लावली, उघडली, लावली.

मांडवीवर

उतरलो होतो माझ्या मावसबहिणीकडे, इंदूकडे. तिनं बांगड्याचं सार केलं होतं तिरफळं घालून. आमच्याकडे आम्ही बांगड्याला कोकम घालतो आणि पुरे म्हणतो, तिरफळानं जीभ कशी झिणझिणते. हौसाबाईंनी वाटी दोनदा भरून घेतली आणि शेवटी म्हणाल्याच, चांगलं झालंय, पण आमच्यातलं बरं. दीक्षाचा भात ताटात तसाच.

संध्याकाळी मी म्हटलं चला, समुद्र बघू. मांडवीवर गर्दी होती, गाड्यावर भेळ, गोळा. हौसाबाई धक्क्यावर बसल्या. आपल्या गावचा समुद्र सोडून दुसरा समुद्र माणूस कशाला बघतो हे त्यांना कळेना. आम्ही दोघी सानूला घेऊन वाळूत उतरलो. दीक्षाच्या पायाला थारा नव्हता. चार पावलं पुढे, परत मागे. सानू खेकड्याच्या भोकात काडी घालत होती. दीक्षा तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि हाक मारली. सानू. जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं की गोळेवाला बघायला लागला. पोर काडी फिरवतेय.

"काकी, मला वेड लागलंय का?" दीक्षा म्हणाली. "तिथं तर सगळ्याला वळली. मग मला घरी जे दिसतं ते काय? मीच माझ्या पोरीला बहिरी करून बसलेय का?"

मशीन खोटं सांगत नाही हे मीच गावभर सांगत फिरते. मी एवढंच म्हटलं, मॅडमना जे पटलं नाही ते तुलाही पटवून घेऊ नको, उद्या होऊ दे. पण मलाही आत काहीतरी कुरतडत होतं. आपल्या काटा-वजनाच्या गोष्टीत काटा जमिनीवर नीट ठेवलाय की नाही, हे बघायचं असतं ना, ते आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

दुसरा दिवस

पहाटे सानूला उठवलं. इंदूच्या अंगणात थंडीत तिच्यामागे तिघी धावलो. या खेपेला रिक्षात मी तिला उभीच धरली.

मॅडमनी हौसाबाईंनाच सांगितलं, आजी, तुम्हीच बसा मांडी देऊन. हौसाबाई खूश. मग त्यांच्या हातात एक मोठा हेडफोन दिला, कान पुरे झाकणारा. "हा तुमच्यासाठी. यातून नुसता फस्स आवाज येईल, धबधब्यासारखा. घाबरू नका. तुम्हाला बाहेरचं काही ऐकू यायला नको, एवढंच."

"मला कशाला? तपास पोराचा हाय ना?"

"पोराचाच की. म्हणूनच तुमचे कान बंद."

हौसाबाईंनी पदर सावरून हेडफोन चढवला. इतक्या गंभीर दिसत होत्या की दीक्षालाही हसू आलं. मॅडमनी आज खुर्ची जरा तिरकी ठेवली होती, त्यामुळे काचेतून मांडी पण दिसत होती.

आवाज झाला. खोलीबाहेर आमच्यासमोर दिवा लागतो, म्हणून आम्हाला कळलं. सानू बांगडीशी खेळत होती.

आवाज वाढवला. सानू बांगडीशीच.

अजून वाढवला. जाड दारातूनही मला बारीक ऐकू आला. सानूनं मान वर केली ती आजीचं हेडफोन घातलेलं ध्यान बघायला. दुसऱ्या बाजूनं दिला. काही नाही. मॅडम पार वरपर्यंत गेल्या, तेव्हा कुठे सानू थबकली आणि इकडेतिकडे बघायला लागली, कुणीतरी बोट लावून गेल्यासारखी.

हौसाबाईंना काही कळत नव्हतं, कानात धबधबा. त्या काचेतून आमच्याकडे बघून खुणेनं विचारत होत्या, कधी सुरू करताव? मॅडमनी आत जाऊन त्यांचा हेडफोन काढला. दार उघडं होतं, आम्ही उंबऱ्यातच.

"झालं, आजी."

"झालं? आवाज कुठं झाला?"

"झाला. कालपेक्षा खूप मोठा झाला. तुम्हाला आला नाही, म्हणून तिलाही आला नाही."

मॅडम हौसाबाईंसमोर स्टुलावर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "काल तुम्ही आवाज ऐकत होता आणि दर आवाजाला तुमचा खांदा हलताना मला काचेतून दिसला, म्हणजे खाली मांडीही हलत असणार. त्या बाजूचा गुडघा वर येत असणार, हात तिच्या कमरेला लागत असणार. ती शहाणी आहे, तिला कळलं, आजी हलली की तिकडं अस्वल येतं. मांडी बोलते, आजी. सगळ्यांचीच बोलते. माझी आई असती तर तिचीही बोलली असती."

मी काही तिसऱ्याची गोष्ट म्हणून हे सांगत नाही. आपल्याकडे पाहुणा आला, त्यानं पोराचं नाव विचारलं, की मागून ढोसायचंच. सांग, सांग ना बाय. गुरुजींपुढे ढोसायचं, नवस फेडताना मान खाली दाबायची. पोर आपलं आणि लाज आपली. हौसाबाईंनी आयुष्यभर केलं तेच त्यांच्या गुडघ्यानं केलं. थोडं आपोआप झालं असेल, थोडं केलंही असेल. मी विचारलं नाही.

हौसाबाई म्हणाल्या, "मग माझ्या गाण्यावर झोपतं ते?"

मॅडमनी विचारलं, कुठं घेऊन गाता? त्यांनी हात छातीवर ठेवला. मॅडमनी दीक्षाला जवळ बोलावलं, तिचा तळवा हौसाबाईंच्या छातीवर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, आता गा. सुनेनं सासूला असा हात लावलेला मी आमच्या वाडीत बघितलेला नाही. हौसाबाई अवघडल्या, पण दोन ओळी गुणगुणल्या. गाण्याची थरथर दीक्षाच्या तळव्याला लागली असणार, जे कळायचं ते कळलं असणार. तिनं हात पटकन काढला नाही.

उखळाचंही तेच. घाव जमिनीतून पायाला लागतो, पोर धावत येतं. बोलणं जमिनीतून येत नाही.

आता उरली झोपेची तपासणी, खरी शिक्का मारणारी. आणि सानू झोपेना. खोलीत पडदे ओढले, दूध दिलं, दीक्षानं थोपटलं. अनोळखी जागा, वायरी दिसतात, पोर रडायला लागलं. मॅडम म्हणाल्या, झोपेचं औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारावं लागेल, नाहीतर दुसरी तारीख घ्या. दुसरी तारीख म्हटल्यावर दीक्षा भिंतीला टेकली. पुन्हा एसटी, पुन्हा अमोलची परवानगी, आणि कालचा फोन तर मुंबईत पोचलेला.

हौसाबाई बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या, चादर खांद्यावर टाकली आणि दीक्षाला म्हणाल्या, "आण इकडं."

त्यांनी सानूला छातीवर उपडी घेतली, गाल गळ्याशी, आणि त्या अंधाऱ्या खोलीत फेऱ्या मारायला लागल्या. गाणं आम्हाला जेमतेम ऐकू येत होतं. ज्या तपासणीनं हे पोर ऐकत नाही असं ठरायचं होतं, तिच्यासाठीच त्या बाई त्याला झोपवत होत्या आणि त्यांना ते पुरतं ठाऊक होतं. मध्ये एकदा आवाज अडला. सानूनं लगेच मान उचलली. हौसाबाईंनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरू केलं.

पोर गाढ झाल्यावर मॅडमनी वायरी लावल्या. मशीनच्या पडद्यावर रेघा येत राहिल्या. ज्यांना उंचवटे यायला हवेत त्या बराच वेळ सपाटच. मी पदराचं टोक पिळून पिळून चुरगाळलं.

नंतर मॅडमनी सावकाश सांगितलं. दोन्ही कानांना कमी, बरंच कमी. अगदी शून्य नाही. आधी दोन्ही कानांना मशीन, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेमानं जायचं, मग किती फायदा होतो ते बघून ऑपरेशनचा विचार. कानाच्या साच्यासाठी त्यांनी सानूच्या कानात गुलाबी कणीक भरली. तेवढ्यासाठी ती जागी झाली आणि भोकाड पसरलं, पण साचा निघाला. दीक्षा तो हातात घेऊन बघत बसली. रडली, पण ती कालची उतरलेली दीक्षा नव्हती.

व्हरांड्यात आल्यावर हौसाबाईंनी फोन मागितला. मी जरा लांब सरकले, पण त्यांना फोनवर हळू बोलता येतच नाही.

"अमोल, कालचं माझं सोड. मीच वळवत होते पोराला. ते ऐकत नाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं... नाय, मशीन बिघडलेलं नाय, मीच. आता ते कानाचं घ्यायचं, दोन्ही. आणि बायकोला तू काय बोलू नको. ती पैल्यापासून सांगत होती."

परतीच्या गाडीत त्यांनी दीक्षाला खिडकीशी बसवलं आणि सानूला तिच्याच मांडीवर दिलं. वाटभर झोपू दिलं पोराला. चिपळूण आलं, गेलं.

दापोलीहून वाडीच्या गाडीनं उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. सानू जागी होऊन पुढे चालत होती, आम्ही मागे. बांधावरून शेजारच्या सुमननं सानूच्या पाठीमागून हाक दिली, आमच्याकडे देतात तशी, हेल काढून, "सानूऽ, आलीस गो? काय आणलंस?"

सानू चालतच राहिली. सुमन हसून म्हणाली, बघा, बाय शहरात जाऊन आली ती वळत पण नाय.

हौसाबाईंनी हातातला डबा खाली ठेवला.

"सुमे, मागनं नको हाक मारू तिला," त्या म्हणाल्या. "बांधावरनं खाली उतर. तिच्या म्होरं येऊन उभी रहा. आणि मग विचार काय ते."